सिलोनमधले महायुद्धाचे तळ : गंजलेल्या टाक्या, धावपट्ट्या आणि बाकीचं

नारळीभात
नमस्कार मंडळी,
गेल्या महिन्यात श्रीलंका केली. चार माणसं, नऊ दिवस, एक व्हॅन. देवळं, हत्ती, चहाचे मळे सगळं यथासांग झालं, त्यावर लिहीत नाही. ढिगाने धागे आहेत.

लिहितेय ते वेगळ्याच गोष्टीवर. त्रिंकोमालीला कोनेश्वराच्या दर्शनाला गेलो होतो. गावाच्या अलीकडे चायना बेपाशी रस्त्यालगतच्या झाडीत एक अगडबंब गोल टाकी दिसली. गंजून विटेच्या रंगाची झालेली, छपराच्या कडेला पिंपळाचं रोप. आमच्या सोसायटीची एक विंग आरामात आत उभी राहील. पन्नास पावलांवर दुसरी. मग तिसरी. ड्रायव्हर म्हणाला, "इंग्लिश टाइम. टोटल नाइंटी नाइन." सासूबाई मागच्या सीटवरून लगेच, "शंभर का नाही गं?"

मग लक्षात यायला लागलं की जिथे जावं तिथे हेच. ज्या विमानतळावर उतरलो तो म्हणे इंग्रजांच्या हवाई दलाचा. दक्षिणेला कोग्गलाच्या तळ्याकाठी हॉटेल घेतलं, तिथेही तळ. कँडीजवळच्या त्या सुंदर बागेत लष्कराचं मुख्यालय. एवढ्याशा बेटावर इतके तळ कशासाठी? आणि युद्ध संपल्यावर त्यांचं झालं काय? जाणकारांनी प्रकाश टाकावा. सासूबाईंच्या प्रश्नाचंही उत्तर मिळालं तर घरात माझी पत वाढेल.

चहाटळ
पयला! वाचून मग लिहितो.

निवृत्त_बोटवाला
चांगला विषय काढलात. त्रिंकोला मी बोटीवर असताना दोनदा गेलोय. नकाशात बघा, बंदर म्हणजे उलटा खिसा आहे. आत शिरायचं तोंड लहान, आत खोल पाणी, चहूबाजूंनी टेकड्या. बाहेर ईशान्य मोसमी वाऱ्याने समुद्र पिसाळलेला असतो आणि आत आलं की परातीतल्या पाण्यासारखं शांत. असं बंदर मिळालं की आरमारवाल्याच्या तोंडाला पाणी सुटणारच.

टाक्या दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या. आरमार कोळशावरून तेलावर आलं होतं. कोळशाचा ढीग उघड्यावर घालता येतो, तेलाला टाकी लागते. एकेका टाकीत सुमारे १२ हजार टन तेल. विचार करा, त्या झाडीत केवढं तेल उभं होतं!

'एवढे तळ कशासाठी' याचं उत्तर १९४२ च्या कॅलेंडरमध्ये आहे. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडलं. ८ मार्चला रंगून. २३ मार्चला जपानी अंदमानात उतरले. पूर्वेकडे इंग्रजांना आता बोट लावायला जागा उरली नव्हती, ती फक्त कोलंबो आणि त्रिंकोमाली. त्यात मलाया गेल्यावर रबरही सिलोनचंच. झाडं मरतील याची पर्वा न करता चीक ओरबाडून काढला. खाटीकखान्यासारखं काम, इंग्रजीत त्याला तसलंच नाव आहे.

सासूबाईंना सगळ्या टाक्यांचा हिशेब देत नाही, एकीचा देतो. ९ एप्रिल १९४२ ला जपान्यांनी त्रिंकोवर हल्ला केला, तेव्हा एक विमान थेट ९१ नंबरच्या टाकीवर येऊन आदळलं. टाकी सात दिवस जळत होती म्हणतात. वाकलेला, वितळून घड्या पडलेला पत्रा अजून तिथे आहे.

शंकेखोर
म्हणजे कामिकाझे का हो काका? की गाइडांनी पिकवलेली कथा?

निवृत्त_बोटवाला
@शंकेखोर, नावाला जागलात! कामिकाझे पथकं उभी राहिली ती १९४४ च्या ऑक्टोबरात, फिलिपिन्सच्या लढाईत. हे अडीच वर्षं आधीचं. विमानाला आधीच गोळी लागली असेल आणि परत जाणं नाही म्हटल्यावर वैमानिकाने नाक टाकीकडे वळवलं असेल. मुद्दाम की नाइलाज, हे सांगणारा विमानातच होता.

रविवारची_भजी
९९ टाक्या म्हणजे बाटाच्या दुकानातली किंमत वाटतेय.

चहाटळ
वाचलं. भजीबुवा, फुटलो.

मोगरी_
नारळीभात, कोग्गलाला राहिलात आणि विक्रमसिंघ्यांचं घर पाहिलं नाहीत? मार्टिन विक्रमसिंघे म्हणजे सिंहली साहित्यातलं फार मोठं नाव, जन्म कोग्गलाचा. आता तिथे लोकजीवनाचं संग्रहालय आहे. बैलगाड्या, मातीची भांडी, मुखवटे वगैरे. आम्ही बघायला गेलो होतो ते मुखवटे आणि लक्षात राहिलं ते घर.

त्या घराभोवती गाव नाही. झाडं लावलेली आहेत, छान सावली आहे, पण गाव नाही. १९४२ मध्ये पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी कोग्गलाचं तळं हवं झालं आणि काठच्या लोकांना सांगितलं, निघा. मुदत चोवीस तासांची. घरं पाडली. हे घर वाचलं.

मी कोयनेकाठची. माझ्या माहेरच्या लोकांना उठवायला सरकारने निदान काही वर्षं घेतली, तरी आजी मरेपर्यंत पाण्याखालच्या उंबऱ्याबद्दल बोलायची. तिथल्या व्हरांड्यात बसले आणि हिशेब करत राहिले, चोवीस तासांत काय काय उचलता येतं. भांडी, कोंबड्या, जातं तर नाहीच. बाळंतीण असेल तर तिचं काय?

पिंपळपार
मोगरीताई, +१. धावपट्ट्यांच्या गप्पा मारताना आपण हे विसरतो.

सडाफटिंग
हे सगळं ठीक आहे, पण जपानी आले असते तर चोवीस तासही दिले नसते. आणि इंग्रजांनी विमानतळ, रस्ते, बंदर बांधलं, ते आज वापरतायत ना? उगाच प्रत्येक गोष्टीत रडगाणं नको.

मोगरी_
@सडाफटिंग, रडगाणं नाही, पावती मागतेय. विमानतळ कोणी बांधला ते सगळे सांगतात, जागा कोणाची होती ते विचारलं की रडगाणं.

रविवारची_भजी
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

स्वाननदीकाठचा
मी गेली अकरा वर्षं पर्थला आहे. कोग्गला वाचून राहवलं नाही.

सिंगापूर पडल्यावर ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडमधली विमानांची वाट तुटली. मग १९४३ मध्ये क्वांटासने कॅटलिना जातीची समुद्री विमानं घेऊन पर्थ ते कोग्गला अशी थेट फेरी सुरू केली. निघायची ती आमच्या या स्वान नदीतून, उतरायची कोग्गलाच्या तळ्यात. मध्ये काही नाही, फक्त हिंदी महासागर, आणि तोही जपानी विमानांच्या टापूतला. म्हणून रेडिओ बंद ठेवायचा आणि ताऱ्यांवरून दिशा धरायची. सत्तावीस ते तेहतीस तास लागायचे! इंधनाचं वजन इतकं, की प्रवासी जास्तीत जास्त तीन, बाकी डाक. एकाच प्रवासात दोनदा सूर्योदय दिसायचा म्हणून प्रवाशाला 'दुहेरी सूर्योदय' मंडळाचं गमतीचं प्रमाणपत्र द्यायचे. १९४५ पर्यंत २७१ फेऱ्या झाल्या आणि एकही विमान बुडालं नाही.

आता इथून लंडन सतरा तासांत, न थांबता. आणि त्यात जेवण थंड आलं तर आम्ही तक्रार करतो.

चिंगुतात्या
तेहतीस तास! आणि शौचालय?

स्वाननदीकाठचा
तात्या, प्रमाणपत्र उगीच नाही दिलं.

पाणबुड्या_डोंबिवलीकर
९ एप्रिलचा विषय निघालाय तर 'हर्मिस'ला टाळून कसं चालेल? इंग्रजांची विमानवाहू नौका. हल्ल्याची कुणकुण लागली म्हणून आदल्या रात्री त्रिंकोमधून बाहेर काढली आणि तीच जपान्यांना उघड्यावर सापडली, बट्टिकलोआजवळ. तिच्या पोटात त्या दिवशी एकही विमान नव्हतं. विमानवाहू, आणि विमान नाही! ३०७ माणसं गेली. जवळच 'वीटा' नावाची इस्पितळ-बोट होती म्हणून उरलेल्यांतले सहाशेच्या आसपास वाचले.

हर्मिस पन्नास मीटरच्या खाली आहे. तिथे जायला वेगळं प्रशिक्षण आणि वेगळा गॅस लागतो, माझी तेवढी पोच नाही. पण त्याच दिवशी बुडालेली 'ब्रिटिश सार्जंट' नावाची तेलवाहू बोट पंचवीसेक मीटरवर आहे, ती मी पाहिली. लोखंड कुठलं आणि पोवळं कुठलं ते हात लावल्याशिवाय कळत नाही, आणि हात लावायचा नसतो. एका भगदाडातून पिवळ्या माशांचा थवा बाहेर पडत होता, मुंबईच्या लोकलमधून दादरला माणसं पडतात तसा. संपेचना. मी घड्याळाकडे पाहिलं तर हवा संपत आली होती.

पिंपळपार
हर्मिस नावाची गंमत ठाऊक आहे ना? ती बुडाल्यावर इंग्रजांनी तेच नाव दुसऱ्या विमानवाहू नौकेला दिलं. ती १९८७ मध्ये आपण घेतली आणि 'विराट' म्हणून मुंबईत येऊन राहिली. २०१७ ला निवृत्त झाली, २०२० मध्ये अलंगला मोडीत गेली. तिला लायन गेटच्या बाजूने लांबून बघत आपली एक पिढी मोठी झाली.

निवृत्त_बोटवाला
विराट अलंगला निघाली तेव्हा आम्ही दोघेतिघे जुने बोटवाले गेटवेवर उभे होतो. जास्त लिहीत नाही.

शंकेखोर
एक कळलं नाही. जपानी येणार हे माहीत होतं तर इंग्रजांचं आरमार होतं कुठे? त्रिंकोत नाही, कोलंबोत नाही. मग या टाक्यांचा उपयोग काय?

पिंपळपार
मोक्याचा प्रश्न. आरमार मालदीवात होतं.

मालदीवच्या अगदी दक्षिणेच्या टोकाला अड्डू नावाचं प्रवाळकंकण आहे. इंग्रजांनी तिथे चोरून तळ केला होता, नाव 'पोर्ट टी'. जपान्यांना त्याचा पत्ताच नव्हता. अॅडमिरल सॉमरव्हिल १ एप्रिलपासून सिलोनच्या दक्षिणेला जपान्यांची वाट बघत घिरट्या घालत होते. ते येईनात, आणि बोटींतलं पाणी नि तेल संपत आलं. म्हणून आरमार अड्डूला गेलं. इकडे ४ एप्रिलला संध्याकाळी कोग्गलाहून उडालेल्या एका कॅटलिनाला जपानी अॅडमिरल नागुमोचा अख्खा काफिला दिसला, पाच विमानवाहू नौकांसकट. वैमानिक होता लिओनार्ड बर्चल, कॅनडाचा. तुकडीला कोग्गलात येऊन दोनच दिवस झाले होते. त्याने संदेश पाठवायला घेतला तोवर जपान्यांच्या झीरो जातीच्या लढाऊ विमानांनी त्याला पाडलं. नऊ जणांतले सहा वाचले, कैदेत गेले. पुढे त्याला 'सिलोनचा तारणहार' म्हणायला लागले.

दुसऱ्या दिवशी, ५ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी सकाळी कोलंबोवर हल्ला. इशारा मिळालेला होता, बंदरातल्या बऱ्याच बोटी बाहेर काढलेल्या होत्या. तरीही रत्मलानाच्या धावपट्टीवरच्या वैमानिकांना शत्रू आलाय हे कळलं ते डोक्यावर विमानं बघूनच. रडार होतं, पण वेळेवर सांगितलं कोणी नाही. आणि जपान्यांनाही हवं होतं ते आरमार मिळालं नाही. वाटेत 'डॉर्सेटशायर' आणि 'कॉर्नवॉल' या दोन क्रूझर सापडल्या, त्या बुडवल्या. ४२४ माणसं गेली.

घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरून विमानं उडवली होती तीही त्याच सकाळी. ते रेसकोर्स अजून आहे कोलंबोत.

घरकोंबडी
हो हो! आम्ही यांच्या नोकरीपायी तीन वर्षं कोलंबोत होतो. त्या रेसकोर्सच्या जुन्या प्रेक्षागारात आता दुकानं आहेत, कॉफीची, कपड्यांची. समोर पोरं रग्बी खेळतात. मी तिथे माझ्या लेकीचा वाढदिवसाचा फ्रॉक घेतला. लढाऊ विमानं उडाली होती हे आज कळतंय.

अवांतर: पावाला तिथे 'पान' म्हणतात. पोर्तुगीजांनी दिलेला शब्द, आपला पाव तोच. पहिल्या दिवशी कामवाल्या अक्कांनी विचारलं, "पान आणू का?" मी म्हटलं, नको, आम्ही खात नाही. लेकीने दोन दिवस पावाशिवाय काढले.

शेजारच्या आजींनी मला यातलं युद्ध सांगितलं. बॉम्बचं नाही, पिठाचं. तांदूळ यायचा ब्रह्मदेशातून. रंगून पडलं आणि तांदूळ बंद. मग रेशन, आणि भाताऐवजी गव्हाचं पीठ. भातखाऊ लोक, त्यांना त्या पिठाचं काय करायचं ते कळेना. त्यांची आई म्हणे त्याची खळ करून साड्यांना लावायची. मग नारळ घालून रोटी करायला लागल्या. ती पोळ-रोटी आम्ही रोज खायचो, तिच्याबरोबर सुकी मिरची नि कांद्याची चटणी. कृती हवी तर पाककृती विभागात टाकते.

चहाटळ
टाका ताई! धागा पुण्याच्या कामी आला.

निवृत्त_बोटवाला
घरकोंबडीताईंनी मर्मावर बोट ठेवलंत. त्या रेशनची शेपूट पुढे कित्येक वर्षं वळवळत राहिली. १९५३ मध्ये सरकारने रेशनच्या तांदळाचा भाव मापाला २५ सेंटवरून ७० सेंट केला आणि सबंध देशात हरताळ झाला. पंतप्रधानांना पायउतार व्हावं लागलं.

चिंगुतात्या
तिथे काठीवर बसून मासे पकडणारे कोळी असतात ना, तेही म्हणे युद्धामुळेच? आमच्या गाइडने सांगितलं. अन्नाची टंचाई, किनाऱ्यावर गर्दी, म्हणून लोक आधी बुडालेल्या बोटींच्या, पडलेल्या विमानांच्या सांगाड्यांवर बसून गळ टाकायचे, मग काठ्या रोवल्या.

शंकेखोर
आता तर मासे नसतात, फोटोचे पैसे असतात. मी विचारलं, "सापडतो का मासा?" तो म्हणाला, "सर, यू आर द फिश."

रविवारची_भजी
आजचा सर्वोत्तम प्रतिसाद. धागाकर्तीने कुलूप लावावं.

सांगलीचा_गडी
कुलूप कशाला, खरी भानगड तर अजून आलीच न्हाई. बंडाची.

सिलोनच्या तोफखान्याची एक तुकडी इंग्रजांनी कोकोस बेटांवर नेऊन ठेवलेली, पार समुद्रात. ८ मे १९४२ च्या रात्री त्या पोरांनी उठाव केला. म्होरक्या ग्रेशियन फर्नांडो. बेत असा की इंग्रज अधिकाऱ्यांना धरायचं, बेट जपान्यांच्या हाती द्यायचं. बेत फसला. एक शिपाई मेला, त्यांच्यातलाच. ऑगस्टात कोलंबोत तिघांना फाशी. अख्ख्या दुसऱ्या महायुद्धात बंड केलं म्हणून इंग्रजांनी साम्राज्यातले सैनिक फासावर दिले ते हेच तिघं. शाळेत कुणी शिकवलं का? आपल्यालाही न्हाई, त्यांच्या पोरांनाही फारसं न्हाई.

सडाफटिंग
युद्धात शत्रूला बेट देणं म्हणजे फितुरी. याला उठाव म्हणायचं?

सांगलीचा_गडी
मग आझाद हिंद सेनेला काय म्हणता राव? उत्तर द्या, मग बोलू.

पिंपळपार
दोघांनाही एक आडवी माहिती देतो. त्याच एप्रिलात, कोलंबोवरच्या हल्ल्याच्या सुमारास, कँडीच्या बोगम्बरा तुरुंगातून डाव्या पक्षाचे पुढारी तुरुंगाच्या रखवालदारालाच बरोबर घेऊन निसटले. फिलिप गुणवर्धने, एन. एम. परेरा वगैरे. आले कुठे? भारतात, आणि पुढे मुंबईत. चलेजावच्या दिवसांत भूमिगत राहून काम केलं आणि १९४३ मध्ये मुंबईतच पकडले गेले. परेरा पुढे तिकडे अर्थमंत्री झाले. म्हणजे इंग्रज आपलं आरमार मालदीवात लपवत होते आणि सिलोनचे बंडखोर मुंबईत लपत होते.

एक_डाव_धोबीपछाड
छान चाललंय. आता हंबनटोटा आणि चीन आणा की झालं.

संपादक मंडळ
हंबनटोट्यासाठी वेगळा धागा आहे. इथे १९५७ च्या पुढे जायचं असेल तर सौम्य शब्दांत. एक प्रतिसाद उडवला आहे.

रेडिओवेडी_आजी
माझा नातू हा धागा मला वाचून दाखवतोय आणि मी सांगते ते टंकतोय. चुका त्याच्या.

तुम्ही सगळे टाक्या आणि बोटी घेऊन बसलात. सिलोन म्हटलं की आमच्या वयाच्या माणसाला काय आठवतं? बुधवार रात्री आठ. बिनाका गीतमाला. वडील ओरडायचे, तरी साताऱ्याच्या आमच्या वाड्यात रेडिओला कान लावून आम्ही सहा पोरं. आवाज मधेच समुद्रात बुडायचा आणि परत वर यायचा.

आता नातवाने शोधून सांगितलं ते ऐका. माउंटबॅटनचं आग्नेय आशियाचं मुख्यालय १९४४ मध्ये दिल्लीहून कँडीजवळ पेरादेनियाच्या बागेत गेलं. पसरलेल्या फौजांची करमणूक करायला रेडिओ हवा, म्हणून कोलंबोतून 'रेडिओ सीॲक' (त्या मुख्यालयाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं) सुरू केला. त्याच्यासाठी शंभर किलोवॉटचं प्रक्षेपक यंत्र आणून एकला नावाच्या गावी बसवलं. (हो, गावाचं नाव एकला.) ते चालू होईस्तोवर युद्धच संपलं! शिपाई घरी गेले. १९४९ मध्ये इंग्रजांनी सगळं सिलोन सरकारला देऊन टाकलं. एवढं दांडगं यंत्र आणि ऐकायला कोणी नाही. मग १९५२ मध्ये आपल्या आकाशवाणीने सिनेमाची गाणी बंद केली, मंत्री केसकर, आपले मराठीच. आणि सगळा हिंदुस्थान त्या एकल्या यंत्राकडे वळला. अमीन सायानी बोलायचे मुंबईत, ते मुद्रित करून विमानाने कोलंबोला जायचं आणि तिथून आमच्या वाड्यात.

म्हणजे मी ज्याच्यापुढे बसून परीक्षेत नापास झाले ते लष्करी सामान होतं.

रविवारची_भजी
आजी, साष्टांग दंडवत __/\__

स्वाननदीकाठचा
आजी, अंगावर काटा आला.

शंकेखोर
केसकरांनी अगदी बंद नव्हती केली, आधी कमी केली मग निर्मात्यांशी वाद होऊन... असो. आजींसमोर शंका काढत नाही.

रेडिओवेडी_आजी
काढ की. पण विविधभारती चालू करायला त्यांना ऑक्टोबर १९५७ उजाडावं लागलं, हे लिही.

निवृत्त_बोटवाला
आजी, काय महिना काढलात! त्याच ऑक्टोबरात, १५ तारखेला, इंग्रजांनी त्रिंकोमालीचा नाविक तळ सोडला. १ नोव्हेंबरला कटुनायकेचा हवाई तळ. १९४७ च्या करारात स्वातंत्र्य दिलं होतं पण तळ ठेवून घेतले होते. ते तिथले तेव्हाचे पंतप्रधान बंडारनायक्यांनी काढून घेतले. कटुनायके म्हणजे नारळीभात जिथे उतरल्या तो विमानतळ, आज त्याच्यावर बंडारनायक्यांचंच नाव आहे. इंग्रज तिथून उठले ते थेट अड्डूतल्या गान बेटावर जाऊन बसले, १९७६ पर्यंत. गानच्या लोकांनाही शेजारच्या बेटावर हलवलं. मोगरीताईंचा हिशेब तिथेही लागू.

मोगरी_
_/\_ काका.

कंदीलपुष्प
चायना बेच्या धावपट्टीवरून १९४४ च्या ऑगस्टमध्ये बी-२९ विमानं उडाली होती, सुमात्रातल्या पालेमबांगच्या तेलशुद्धीकरणावर बॉम्ब टाकायला. ५४ विमानं, आणि त्यासाठी बंगालमधल्या खरगपूर भागातल्या तळांवरून आधी इथे आणली. नुकसान फारसं झालं नाही. एवढा खटाटोप एकदाच, परत कोणी नाव काढलं नाही.

त्याच महिन्यात त्रिंकोच्या तरंगत्या गोदीत 'व्हॅलियंट' ही युद्धनौका दुरुस्तीला चढवत होते. गोदीतलं पाणी चुकीच्या क्रमाने उपसलं, आणि बोटीवर दारूगोळाही तसाच. गोदीचा कणा मोडला, गोदी बुडाली, बोटीचे पंखे अडकले. जपान्यांना दोन वर्षांत जमलं नव्हतं ते पंपवाल्याने दुपारभरात केलं.

चहाटळ
आमच्या सोसायटीचा पंपवाला तिथलाच असावा.

नारळीभात
बाप रे, दोन दिवस धागा उघडला नाही तर ही मेजवानी! सगळ्यांचे आभार. आजी, सासूबाईंना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्यांनी तीन गाणी म्हटली. पण शेवटी परत टाकीवर आल्याच, "मग आता त्यात तेल आहे का नाही?"

निवृत्त_बोटवाला
काहींत आहे. १९८७ च्या भारत-लंका कराराबरोबर जी पत्रं दिली घेतली, त्यात होतं की त्रिंको आपल्या विरोधात कोणाला लष्करी वापराला द्यायचं नाही आणि त्या टाक्या दोघांनी मिळून नीट करायच्या. मग २००३ मध्ये इंडियन ऑइलच्या तिथल्या कंपनीला भाडेपट्टी मिळाली. २०२२ च्या करारात वाटणी झाली, १४ त्यांच्याकडे, २४ तिथल्या सरकारी तेल कंपनीकडे, ६१ दोघांच्या भागीदारीत. बेरीज करा, सासूबाईंचे नव्व्याण्णव.

जाडपत्रा
वाचनमात्र होतो, आता लिहितोच. माझा धंदा टाक्यांच्या तपासणीचा. पत्र्याची जाडी मोजायची, सांधे बघायचे. तिथल्या एका रिकाम्या टाकीत मी उतरलो आहे. कुठली, कोणासाठी, ते सोडा.

खालच्या गोल दारातून सरपटत आत जावं लागतं. आत काळोख, आणि छपराच्या भोकांतून पाच-सहा उन्हाच्या काठ्या खाली उभ्या. वटवाघळांचा वास. पत्रा बाहेरून बघवत नाही, पण आतून ठोकला की खणखणीत वाजतो. हल्लीच्या काही टाक्या वीस वर्षांत असं वाजत नाहीत. आमच्याबरोबर तिथला एक हेल्पर होता, साठीचा. तो मधोमध उभा राहिला आणि एक टाळी वाजवली. मोजा म्हणाला. मी मोजत राहिलो, एक, दोन, तीन... नवाच्या पुढे ऐकू येईनाशी झाली. म्हातारा म्हणाला, माझे वडील इथे पंपावर होते, त्यांनी मला लहानपणी अकरापर्यंत ऐकवली होती, तेव्हा छपराला भोकं नव्हती.

सांगलीचा_गडी
आयला.

नारळीभात
जाडपत्रा, बाहेरच्या माणसाला आत सोडतात का? सासूबाई विचारतायत. गुडघे दुखतात, पण सरपटेन म्हणाल्या.